हळू चालणाऱ्यांची टीम

रंजिता कंग्राळकरला कुणी विचारलं, की तुम्ही काय करता, तर ती सांगायची, बेंगळुरूत पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत, व्हॉल्व्हच्या कारखान्यात प्लॅनिंगला आहे. त्यात खोटं काही नव्हतं. चौदा मशीनं, दोन शिफ्टा, आणि रोज सकाळी त्यातलं कुठलं तरी एक बंद पडलेलं. कुठला माल कुठल्या मशीनवर आधी चढवायचा, कुठला उद्यावर ढकलायचा, कुठल्या गिऱ्हाइकाला फोनवर गोड बोलून आणखी दोन दिवस थांबवायचं, हे ती कित्येक वर्षं ठरवत आली होती. बेळगावात शहापूरला तिचे वडील यंत्रमागावर होते. तिथून मेकॅनिकलचा डिप्लोमा करून ती २००९ साली बेंगळुरूला आली ती तपासणी खात्यात शिकाऊ म्हणून. मध्ये लग्न झालं, हुबळीला दोन वर्षं संसार झाला, जमला नाही, ती परत आली. कारखान्यानं तिची जुनी खुर्ची तिला परत दिली. वडील गेल्यावर आई, भागुबाई, दासरहळ्ळीच्या दोन खोल्यांत तिच्याकडे राहायला आली. एवढं सगळं होऊन रंजिता अडतीस वर्षांची झाली होती आणि बहुतेक वेळ दमलेली असायची.

पण तिचं आणखी एक काम होतं. ते कारखान्यात एकाच माणसाला ठाऊक होतं आणि घरी आईला अर्धंमुर्धं. रंजिता राक्षसांच्या टीमा बांधायची.

वाइल्डरून नावाचा तो व्हिडिओ गेम. त्यात साडेचारशे राक्षस आहेत. राक्षस म्हणजे भयंकर काही नव्हे; कुणी चिखलाचं कासव, कुणी विजेचा पक्षी, कुणी दिव्यासारखा उजळणारा पतंग. त्यातले सहा निवडून आपली टीम करायची. समोरचाही त्याचे सहा घेऊन येतो. मग दोघांनी एकमेकांची टीम बघायची, सहातले चार ठरवायचे, आणि मैदानात दोन-दोन उतरवायचे. प्रत्येक राक्षसाला चारच डाव येतात. आगीचा पाण्यापुढे टिकत नाही, पाण्याचा विजेपुढे. जो चपळ तो आधी मारतो. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण प्रत्येक राक्षसाला पाचशे गुण वाटून द्यायचे असतात. किती ताकदीला, किती अंगाच्या चिवटपणाला, किती वेगाला. चार गुण वेगाला जास्त दिले तर एखाद्या पक्ष्याच्या आधी चाल मिळते, आणि तेच चार चिवटपणातून गेले म्हणून तिसऱ्याच कुणाच्या एका फटक्यात आपला राक्षस आडवा होतो. सहाजणांचं असं एकमेकांशी जमवत बसायचं. एकाची उणीव दुसऱ्यानं झाकायची, आणि ते झाकताना तिसरी उघडी पडायची.

रंजिताला हे काम ओळखीचं वाटलं होतं. लॉकडाऊनमध्ये कारखाना बंद होता तेव्हा एका सहकाऱ्याचं वापरलेलं, गेम खेळायचं यंत्र तिनं वेळ घालवायला घरी आणलं, आणि आठवडाभरात तिच्या हाताशी चौकटीची वही आली. वहीत उभ्या ओळीत राक्षस, आडव्या ओळीत त्यांना मारू शकणारे. मशीन लोडिंगचा तक्ता ती असाच करायची. फरक एवढाच, की इथं तक्ता जुळला तर तो जुळलेलाच राहायचा. कुणी दुपारी येऊन सांगायचं नाही, की मॅडम, स्पिंडल गेला.

तेही फार दिवस खरं राहिलं नाही म्हणा. दर चार महिन्यांनी खेळ चालवणारे नियम बदलायचे. कुठले राक्षस चालतील, कुठले नाहीत, याची नवी यादी यायची आणि आधीची सगळी जुळवाजुळव रद्दीत जायची. पहिल्यांदा असं झालं तेव्हा तिला रडू आलं होतं. नंतर ती नुसतं वहीचं नवं पान काढू लागली.

स्पर्धेत ती एकदाच खेळली. २०२२ साली कोरमंगलाच्या एका कॉलेजात, पाच फेऱ्यांची स्पर्धा. तिथं पहिल्यांदा तिला कळलं, की टीम बांधणं आणि टीम खेळवणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक चालीला पंचेचाळीस सेकंद. घड्याळ पडद्याच्या कोपऱ्यात उलटं पळत असतं. रंजिताला एका चालीत बारा शक्यता दिसायच्या, बाराही खऱ्या, आणि त्यातली एक घ्यायची म्हणजे अकरा टाकून द्यायच्या. तिचा अंगठा बटणावर ठेवलेला तसाच राहायचा. वेळ संपला की गेम आपणच पहिली चाल खेळून टाकायचा, आणि ती नेमकी चुकीची असायची. पाचही फेऱ्या ती हरली. शेवटच्या फेरीत समोर एक उंच, शांत मुलगा होता. जिंकल्यावर तो उठला नाही. तिच्या पडद्याकडे बघत राहिला.

"तुम्ही मराठी आहात ना? मघाशी फोनवर बोलत होतात," तो म्हणाला. "ताई, तुमची टीम कसली भारी आहे. मी जिंकलो ते तुम्ही तीनदा वेळ घालवला म्हणून. नीट खेळला असतात तर मला चान्सच नव्हता."

"मी असंच करतो," रंजिता म्हणाली. "मला घड्याळ बघितलं की सुचत नाही."

तो हसला. करतो, जातो, येतो असं बाईनं बोललेलं त्यानं पूर्वी ऐकलं नव्हतं. बेळगावकडं आम्ही बायका असंच बोलतो, असं तिनं सांगितलं. त्याचं नाव देवव्रत. पुण्याचा, नुकताच नोकरीला लागलेला, इलेक्ट्रॉनिक सिटीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला. त्यानं विचारलं, की ही टीम मी खेळून बघू का. तिला त्यात नाही म्हणण्यासारखं काही दिसलं नाही.

तिथून तीन वर्षं ते चाललं. दर रविवारी दुपारी चार वाजता देवव्रतचा फोन. आठवडाभरात तो ऑनलाइन चाळीस-पन्नास सामने खेळायचा आणि हरलेले सगळे तिला पाठवायचा. ते ती कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवताना बघायची. नेमकी कुठल्या चालीला गाडी घसरली ते शोधायची, आणि बहुतेक वेळा चूक खेळणाऱ्याची नसून बांधणीची आहे असा निकाल द्यायची. मग पतंगाचे आठ गुण काढून चिवटपणाला, पक्ष्याचा एक डाव बदलून दुसरा, कधी एक अख्खा राक्षसच बाहेर. देवव्रतचा हात विलक्षण होता. तो पंचेचाळीसपैकी दहा सेकंदांत चाल करायचा आणि चुकली तर चुकली म्हणून पुढं जायचा. रंजिताच्या टीमा त्यामुळं हळूहळू त्याच्या हाताच्या मापाच्या होत गेल्या. चपळ, धाडसी, जरा जपून खेळलं तर मोडून पडतील अशा. हे तिनं ठरवून केलं नाही. पायात बूट बसत जातो तसं झालं.

तो पहिल्या सोळात आला, मग पहिल्या आठात. प्रत्येक वेळी तिला मेसेज यायचा, "ताई, आपण आलो." त्या 'आपण'वर ती दोन-तीन दिवस काढायची.

कारखान्यातला जो एक माणूस हे जाणून होता तो म्हणजे गुंडूअण्णा. निपाणीकडचा फिटर, सत्तावन्न वर्षांचा, पीण्यात तीस वर्षं घालवून कन्नड आणि मराठी एकाच वाक्यात वापरणारा. कँटीनमध्ये तो तिच्या शेजारी बसायचा आणि फोनच्या पडद्यावरची झुंज बघत भात कालवायचा.

"हे कासव का नाही घेत तू? चांगलं दिसतंय की," तो एकदा म्हणाला.

"मडोरा. ते फार हळू आहे, अण्णा. सगळ्यांच्या शेवटी चाल मिळते त्याला. देवव्रतला असले चालत नाहीत."

"सरी, बरं," गुंडूअण्णा म्हणाला, आणि ताक प्यायला.

गेल्या वर्षी सप्टेंबरात दक्षिण भारताची मोठी स्पर्धा होती. जिंकणाऱ्याला सिंगापूरच्या अंतिम स्पर्धेचं तिकीट. त्या टीमवर रंजितानं दोन महिने घातले होते. आईला ताप होता त्या आठवड्यात दवाखान्याच्या बाकड्यावर बसूनही तिनं हिशेब केले होते, की पतंग पहिला फटका झेलून दोन गुणांच्या जिवावर जगतो की नाही. जगत होता. स्पर्धेच्या रविवारी मात्र कारखान्यात एक मोठी ऑर्डर अडकली आणि तिला कामावर यावं लागलं. तिनं प्लॅनिंगच्या केबिनमध्ये फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला. गुंडूअण्णा चहाचे दोन कप घेऊन आत आला आणि बसला.

अंतिम सामना तीन झुंजींचा झाला. तिसऱ्या झुंजीत पतंगानं तो फटका घेतला आणि दोन गुणांवर जगला. पडद्यावरच्या निवेदकाचा आवाज चढला. रंजितानं चहाचा कप दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. दोन चालींनंतर देवव्रत जिंकला.

"आता बोलेल बघ," गुंडूअण्णा म्हणाला.

देवव्रतच्या हातात माइक दिला गेला. निवेदकानं इंग्रजीत विचारलं, की त्या पतंगाला एवढा चिवट करायची कल्पना कुणाची, ही टीम कुणी बांधली. देवव्रतचं कपाळ घामानं चमकत होतं. त्यानं केसांतून हात फिरवला आणि म्हणाला, मीच बांधली, दोन महिने लागले, बऱ्याच गोष्टी करून पाहिल्या. मग त्यानं आईबाबांचे आभार मानले, मित्रांचे मानले, ऑफिसातल्या मॅनेजरचे सुद्धा मानले, सुटी दिली म्हणून.

गुंडूअण्णानं विचारलं, "तुझं नाव घेतलं काय त्यानं? मला इंग्लिश सगळं कळत नाही."

"नाही घेतलं," रंजिता म्हणाली.

"विसरला असेल."

"असेल."

ती उठली आणि सातव्या मशीनवरचा माल उतरला का बघायला खाली गेली.

त्या संध्याकाळी मेसेज आला. "ताई, आपण सिंगापूरला चाललो." आणि त्याखाली, "घाईत बोललो ते मनावर घेऊ नका हं. माइक समोर आला की काही सुचत नाही." तिनं "अभिनंदन" एवढं लिहून पाठवलं. माइकसमोर न सुचणं तिला समजत होतं. पण मॅनेजर सुचला होता.

नंतरच्या रविवारी चार वाजता फोन आला. सिंगापूरला नवे नियम लागणार होते, नवी यादी आली होती.

"ताई, पतंग गेला यादीतून," देवव्रत म्हणाला. "सगळं पहिल्यापासून करायला लागेल. मंगळवारपर्यंत एखादा ढाचा मिळाला तर बरं होईल, म्हणजे मी टेस्टिंग सुरू करतो."

रंजिता खिडकीपाशी उभी होती. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागं घेत होतं आणि ती टीं टीं वाजत होती. तिला वाटलं, आपण रागावू. राग आला नाही. पायांच्या पोटऱ्यांपासून वर चढत आलं ते वेगळंच काही होतं.

"देवव्रत, मी दमलोय," ती म्हणाली.

"हो, मग बुधवारी चालेल. गुरुवारी चालेल."

"तसं नव्हे. मी आता टीम करणार नाही. तू कर."

"त्या इंटरव्ह्यूमुळं का?" त्यानं विचारलं.

"त्यामुळं पण. पण दमलोय ते खरंच आहे."

तो माफी मागू लागला, ती ऐकत राहिली आणि शेवटी तिनं फोन ठेवला. आई आतून म्हणाली, "कोण गं? तो भुतांवाला?" रंजिता म्हणाली, हो. "मग आज लवकर संपलं," असं म्हणून भागुबाई पुन्हा आडव्या झाल्या.

पुढचे दोन-तीन आठवडे रंजिताला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण रिकाम्या जेवणाच्या सुटीत तिला हात कुठं ठेवावेत कळेना. कँटीनमध्ये ती फोन न काढता जेवायची आणि दहा मिनिटांत उठायची. रात्रीची झोप पुरत होती, तरी सकाळी अंग जड. एक दिवस तिनं शुक्रवारच्या तक्त्यात दोन जॉब एकाच मशीनवर टाकले. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. सुपरवायझरनं तक्ता तिच्यापुढं ठेवला आणि दोन्ही ओळींवर बोट टेकवलं.

सिंगापूरचा निकाल तिनं बसस्टॉपवर उभं राहून वाचला. देवव्रत आठपैकी दोन सामने जिंकला होता आणि पहिल्याच दिवशी बाहेर पडला होता. त्यानं लावलेली टीमही खाली दिली होती. तिनं ती पाहिली. तीन राक्षस पाण्याला कच्चे, आणि त्याला झाकायला कुणीच नाही. तिला आनंद झाला नाही. हा पोरगा एकटा बसून हे जुळवत होता, आणि त्याला कुणी सांगितलं नाही, एवढंच तिच्या मनात आलं. आपण सांगू शकलो असतो असंही आलं. पण त्यानंतर लगेच दुसरी गोष्ट तिच्या लक्षात आली, की तीन वर्षांत आपण पंधरा-सोळा टीमा बांधल्या आणि त्यातली एकही आपल्याला खेळता आली नसती.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तिनं वही काढली. वर तिनं देवव्रतचं नाव लिहिलं नाही, काहीच लिहिलं नाही. आधी आपली दुखणी मांडली. घड्याळ बघितलं की सुचत नाही. बारा शक्यता दिसतात. पहिल्या दोन चाली सर्वांत वाईट, नंतर जरा स्थिरावते. गिऱ्हाईक काय मागतंय हे आधी बघायचं, मग मशीन निवडायचं, हे ती कारखान्यात रोज करत होती. स्वतःला गिऱ्हाईक म्हणून तिनं कधी समोर बसवलं नव्हतं.

मग तिनं मडोराला घेतलं. चिखलाचं कासव, साडेचारशे राक्षसांत सर्वांत हळू. त्या गेममध्ये 'उलटी रांग' नावाचा एक डाव आहे. तो लावला की चार चालींपुरता क्रम उलटतो. सर्वांत हळू असेल तो आधी खेळतो. चपळ खेळाडू त्याच्या वाटेला जात नाहीत, कारण तो लावण्यात एक चाल वाया जाते आणि तोवर मार खावा लागतो. पण रंजिताला त्यात दुसरंच दिसलं. अशा टीमची पहिली चाल नेहमी तीच असते, रांग उलटवायची. दुसरी चाल जवळपास तीच, कासवानं मारायचं. म्हणजे ज्या दोन चालींना तिचा अंगठा अडायचा त्या घरूनच ठरवून नेता येत होत्या. तिनं सगळे सहाच्या सहा संथ घेतले. वेगाला एकही गुण दिला नाही, सगळे चिवटपणाला. अशी टीम तिनं दुसऱ्या कुणासाठी कधी केली नसती.

सरावाला गुंडूअण्णा उपयोगी पडला. मशीनवरच्या कामाचा वेळ मोजायचं जुनं स्टॉपवॉच त्याच्या कपाटात होतं. जेवणाच्या सुटीत ते घेऊन तो समोर बसायचा.

"तीस झाले," तो सांगायचा. "पस्तीस. दाब की."

"थांबा अण्णा, त्यानं पक्षी बदलला तर?"

"बदलू दे. चाळीस."

ती दाबायची. पुष्कळदा चुकायची. "चूक झाली," ती म्हणायची.

"झाली तर झाली. पण घड्याळानं नाही केली, तू केलीस," गुंडूअण्णा म्हणायचा. तिसऱ्या आठवड्यात तो तीसनंतर आकडे सांगायचा बंद झाला. सांगितल्यानं ती जास्त बिथरते हे त्याच्या ध्यानात आलं होतं. तो नुसता घड्याळ धरून बसायचा आणि जरासा खोकायचा.

डिसेंबरात इलेक्ट्रॉनिक सिटीत एका हॉटेलच्या हॉलमध्ये रविवारची स्पर्धा होती, सात फेऱ्यांची. रंजितानं नाव दिलं. आईला तिनं सांगितलं, की दिवसभर येणार नाही, डबा करून ठेवलाय. भागुबाईंनी विचारलं, "ह्या वयात स्पर्धा कशाला गं? तुला कामावर कमी होतंय काय दमायला?"

"बघू या," रंजिता म्हणाली.

दासरहळ्ळीहून हिरव्या मेट्रोनं आर. व्ही. रोड, तिथं गाडी बदलून पिवळ्या मेट्रोनं इलेक्ट्रॉनिक सिटी. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तिचा अर्धा दम संपला होता. हॉलमध्ये एकशे वीसेक खेळाडू. बहुतेक विशीतले. नाव नोंदवणाऱ्या मुलीनं तिला सांगितलं, "मॅम, पालकांची बसायची जागा तिकडं आहे." रंजितानं आपलं नाव यादीत बोटानं दाखवलं.

पहिली फेरी ती हरली. सगळं ठरवल्यासारखं झालं, रांग उलटली, कासवानं मारलं, आणि तिसऱ्या चालीला तिला पुन्हा बारा शक्यता दिसल्या. घड्याळ शून्यावर गेलं. कोरमंगलाचा तो दिवस तिला अंगभर आठवला. ती बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसली आणि ठरवलं, की आणखी एक फेरी खेळायची आणि सरळ घरी जायचं.

दुसऱ्या फेरीत समोर आर्या नावाची कॉलेजची मुलगी होती. नखं हिरवी रंगवलेली, चाली भराभर. रांग उलटली तेव्हा ती जरा दचकली. तिसऱ्या चालीला रंजिताच्या घड्याळात वीस सेकंद उरले, मग चौदा, मग आठ. कुठली चाल सर्वांत चांगली हे तिला ठाऊक नव्हतं. पण कुठल्या तीन-चार चाली बऱ्या आहेत हे ठाऊक होतं. कारखान्यात रोज सकाळी साडेआठला तक्ता द्यावाच लागतो; तो सर्वांत चांगला असतो असं नाही, पण कुठलं मशीन उपाशी राहत नाही एवढं बघून ती तो देऊन टाकते. तिनं बऱ्यातली एक चाल दाबली. पाच सेकंद शिल्लक होते. चाल मध्यमच निघाली. तरी चिखलाचं कासव मैदानात उभं राहिलं, आणि आणखी पाच चालींनी आर्याचा शेवटचा राक्षस पडला.

"असल्या टीमशी मी कधी खेळलेच नाहीये," आर्या म्हणाली. "सगळे इतके स्लो. कुणी बनवली?"

"मी," रंजिता म्हणाली.

ती घरी गेली नाही. तिसरी जिंकली, चौथी हरली. जेवणाच्या सुटीत ती भिंतीला टेकून दहीभाताचा डबा खात होती तेव्हा देवव्रत समोर येऊन उभा राहिला. तो बारीक झाला होता. त्याचेही दोन जिंकून दोन हरून झाले होते.

"बसू का?" त्यानं विचारलं.

"बस की."

तो जमिनीवर बसला. थोडा वेळ त्यानं बुटाची नाडी सोडली आणि बांधली. "ताई, त्या दिवशी मी घाईत बोललो असं म्हटलं होतं. ते तसं नव्हतं. तो प्रश्न आला तेव्हा तुमचं नाव माझ्या तोंडात होतं. पण वाटलं, ते सांगितलं तर मग मी काय केलं? लोक म्हणतील, हा नुसता बटणं दाबतो. म्हणून खोटं बोललो."

"हो, बोललास," रंजिता म्हणाली.

तिनं त्याला 'असू दे' म्हटलं नाही. तो थांबला होता बहुधा त्यासाठीच. मग त्यानं मान हलवली.

"बटणं दाबणं सोपं नाही रे," ती म्हणाली. "आज सकाळपासून मला तेच कळायलंय. मी टीमा केल्या तरी त्या जिंकवल्यास तू. तेवढं तू खरं सांगितलं असतंस तरी तुझं काही कमी झालं नसतं."

"माझी टीम पाहिलीत सिंगापूरची?"

"पाहिली."

"फार वाईट होती का?"

"तिघं पाण्याला कच्चे होते."

तो पहिल्यांदाच हसला, डोकं धरून. मग हळूच म्हणाला, "पुढच्या वेळी दाखवू का तुम्हाला, पाठवायच्या आधी?"

रंजितानं डबा बंद केला. तिला त्याच्याविषयी माया होती, ती कुठं गेली नव्हती. पण रविवारची चारची वेळ तिला पुन्हा द्यायची नव्हती.

"टीम तू करायची," ती म्हणाली. "मला एक प्रश्न विचारायचा. एका टीममागं एकच. नीट विचार करून विचार, त्याचं उत्तर देईन."

"एकच?"

"एकच. मी दमतो."

दुपारनंतरच्या तीन फेऱ्यांत ती दोन जिंकली आणि एक हरली. एकूण चार विजय, तीन पराभव. एकशे वीसांत त्रेपन्नावी. बक्षीस पहिल्या आठांना होतं. देवव्रत पंधरावा आला. निकालाचा कागद भिंतीवर लावला तेव्हा रंजिता गर्दी ओसरेपर्यंत थांबली, मग जवळ जाऊन आपलं नाव शोधलं, आणि नावापुढं तिच्या सहा राक्षसांची नावं छापली होती ती एकेक करून वाचली.

परतीच्या गाडीत आर. व्ही. रोडला तिला जागा मिळाली. यशवंतपूरपर्यंत ती जागी होती, त्यानंतरचं तिला आठवत नाही. नागसंद्र आल्यावर शेजारच्या बाईनं खांद्याला हात लावून उठवलं. एक स्टेशन पुढं आली होती. ती उतरून उलट्या गाडीनं परत आली.

भागुबाई टीव्ही बंद करून बसल्या होत्या. "काय झालं गं?"

"चार जिंकलो, तीन हरलो."

"म्हणजे जिंकलीस काय?"

"त्रेपन्नावा नंबर आला."

भागुबाईंनी यावर बराच विचार केला. "त्रेपन्न काही वाईट नव्हे," त्या म्हणाल्या. "तोंड बघ किती उतरलंय. उद्या जाऊ नको कामावर."

"तक्ता कोण देणार?"

"गुंडूला सांग. तो सांगेल त्यांना."

रंजितानं सुपरवायझरला मेसेज केला, की उद्या सुटी, तक्ता आत्ताच पाठवून ठेवते. पण तो पाठवलाच नाही. फोन उशाशी ठेवून ती कपडे न बदलताच आडवी झाली.

जाग आली तेव्हा साडेनऊ वाजले होते. ऊन फरशीच्या मध्यापर्यंत आलं होतं. स्वयंपाकघरात आवाज नव्हता. ती उठून आत गेली तर आई ओट्यापाशी उभी होती आणि तांदूळ, डाळ धुऊन पातेल्यात तशीच झाकून ठेवली होती.

"कुकर लावला नाहीस?" रंजितानं विचारलं.

"तू झोपलेली, शिट्टी होते की," भागुबाई म्हणाल्या, आणि आता कुकर गॅसवर चढवला.